तीन झाल्या की ट्रक

ऑर्व्हल टेस्डालच्या घोडीचं नाव मिसेस लुंड होतं, आणि खऱ्या मिसेस लुंड, म्हणजे ऑर्व्हलच्या सासूबाई, चांगल्या धडधाकट असताना ते ठेवलेलं होतं. घोडी पहिल्यांदा रिंगणात उतरली त्या दिवशी तिने स्वाराला असा भिरकावला की तो कुंपणावरच्या बियाण्याच्या जाहिरातीवर जाऊन आदळला. मग तिने मान वळवून त्या पोराकडे एक नजर टाकली. ऑर्व्हलने ती नजर ताबडतोब ओळखली. लग्नाच्या आधी सहा महिने दर रविवारी जेवणाच्या टेबलावर त्याने ती सोसली होती. नाव तिथल्या तिथे ठरलं. लोकांना वाटलं, झालं, आता टेस्डालांच्या घरात महाभारत. पण म्हातारी निघाली भलतीच! प्रत्येक रोडिओला, म्हणजे उसळत्या घोड्यावर स्वाराने आठ सेकंद टिकून दाखवायच्या खेळाला, पुढच्या बाकावर येऊन बसायला लागली आणि घरी जाताना शेजारणीला सांगायची, "आज मी दोघांना लोळवलं."

आता ती म्हातारीही नव्हती आणि ऑर्व्हलची बायको इर्माही नव्हती. दोघी लुथरन चर्चच्या मागच्या टेकाडावर एकमेकींशेजारी पहुडल्या होत्या. घोडी सोळा वर्षांची झाली होती, आणि जुलैच्या एका सकाळी ऑर्व्हलने न्याहारीच्या टेबलावर जाहीर केलं, की मिसेस लुंडची आता एकच संधी उरली आहे.

"कोल्टरची जत्रा," तो म्हणाला. "तिथे उसळली तर उसळली. नाहीतर बुधवारी ट्रक."

नडीन, त्याची एकुलती एक मुलगी, तव्यावरून धिरडं उलटत होती. तिने ते ताटलीत न टाकता तव्यातच राहू दिलं.

ऑर्व्हलचा नियम पूर्व मोंटानात शेंबड्या पोरालाही पाठ होता: तीन झाल्या की ट्रक. रोडिओला घोडे आणि वळू पुरवणं हा त्याचा धंदा, आणि या धंद्यात उसळणाऱ्या जनावरालाच किंमत. जे जनावर सलग तीनदा रिंगणात येऊन उसळायच्या ऐवजी नुसतं पळत सुटेल, ते बुधवारच्या बाजारात. त्या बाजारातून म्हातारे घोडे उत्तरेला सीमेपार जात, आणि तिकडे त्यांचं काय होतं हे कॉफीच्या टेबलावर कोणी काढत नसे. या धंद्यातले बाकीचे लोक आपले नावाजलेले घोडे म्हातारपणी कुरणात सोडून देत. ऑर्व्हल नाही. "गवत मी उसळणाऱ्याला घालतो," तो म्हणायचा, "आठवणींना नाही."

"बाबा, ती तुमच्या आजवरच्या घोड्यांतली सगळ्यात भारी आहे," नडीन म्हणाली.

"होती."

"तिला खालच्या कुरणात राहू द्या. पाण्याजवळ. काय खाते ती अशी?"

"प्रश्न खाण्याचा नाही."

"मग कशाचा?"

ऑर्व्हलने कप दोन्ही हातांनी उचलला, कॉफी प्यायला, आणि दोन्ही हातांनी खाली ठेवला. "डस्टीला ट्रकमध्ये चढवलं तेव्हा तुझी आई या इथे, याच खुर्चीत बसून आपल्या घोड्यासाठी रडली होती. आठवतंय? मी म्हणालो होतो, नियम म्हणजे नियम, इर्मा. आठ दिवस बोलली नाही माझ्याशी. आज माझ्या लाडक्या घोडीला सूट दिली, तर वर गेल्यावर तुझ्या आईला काय सांगू? डस्टी तिचा होता म्हणून गेला, आणि ही माझी होती म्हणून राहिली?"

हट्टाला उत्तर देता येतं. मेलेल्या बायकोला दिलेल्या शब्दाला देता येत नाही. खालच्या बाजूने काळं झालेलं धिरडं नडीनने स्वतःच्या ताटलीत घेतलं.

खरी अडचण अशी होती की घोडीचं काहीही बिघडलेलं नव्हतं. बिघडलं होतं ते ऑर्व्हलच्या उजव्या हाताचं. आणि हे त्या परगण्यात एका ऑर्व्हलला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

शहरातून येणाऱ्या माणसांना वाटतं, घोडं छळल्याशिवाय उसळत नाही. मूर्ख आहेत! उसळणं रक्तात असावं लागतं. ऑर्व्हल उसळणाऱ्या घोड्यांच्या पोटी उसळणारी शिंगरं पैदा करत आला होता, आणि त्यातही दहातलं एखादंच कामाचं निघायचं. उरलेली गोऱ्ह्यांच्या मागे फिरायला शेजारपाजारच्या रँचवर जायची. जे निघायचं त्याला फक्त आठवण करून द्यावी लागते, आणि ती द्यायला पट्टा असतो. आतून मेंढीची लोकर लावलेला, मागच्या पायांच्या पुढे पोटाभोवती टाकलेला. घोडं खोड्यात, म्हणजे रिंगणाच्या कडेच्या फळ्यांच्या अरुंद कप्प्यात, उभं असतं, स्वार वर बसलेला, आणि खोड्याच्या मागच्या फळीवर पट्ट्याचं शेपूट हातात धरून घोड्यांचा मालक. दार उघडतं, घोडं बाहेर वळतं, आणि त्याच क्षणी मालक पट्टा ओढतो आणि सुटू देतो. जरा आधी ओढलात तर घोडं खोड्यातच धिंगाणा घालतं. जरा उशीर झाला तर ते निघून गेलेलं असतं. आणि जास्त आवळलात, तर संपलंच! ते उसळायचं सोडून सरळ पळत सुटतं. तुमच्या पोटाला कोणी करकचून दोर बांधला तर तुम्हाला नाचायला सुचेल का?

प्रत्येक घोड्याचं माप वेगळं. ते कुठे लिहून ठेवता येत नाही, ते हातातच असतं. म्हणून पट्टा मालकाने स्वतः ओढायचा, दुसऱ्या कोणी त्याला हात लावायचा नाही, हा तिकडचा रिवाज. माणूस आपला ट्रक उसना देईल, पट्टा देणार नाही.

नडीन नऊ वर्षांची असताना घरच्या रिंगणात ऑर्व्हलने तिला खोड्याच्या फळीवर चढवलं होतं. "हात माझ्या हातावर ठेव. डोळे मीट." त्याच्या मुठीवर तिची मूठ, आणि खाली शिंगरू. पट्टा ओढताना त्याच्या हाताच्या शिरा कशा ताठ होतात आणि लगेच कशा सैल पडतात, ते तिला तळहाताखाली कळत होतं. "समजलं?" "नाही." "मग पुन्हा." पुढे मोठी झाल्यावर घरची शिंगरं तिने स्वतः ओढली, आणि मागे उभा राहून बाप एकच वाक्य म्हणायचा, "जास्त आवळू नकोस." पण ते घरी. चारचौघांत तिने कधी पट्ट्याला बोट लावलं नव्हतं. जनावरं भरणं, उतरवणं, खायला घालणं, घोड्यांची बाळंतपणं, हे सगळं गेली वीस वर्षं तीच बघत होती. पट्टा तेवढा बाबांचा.

मग मागच्या फेब्रुवारीत, गुरांना चारा टाकून आल्यावर ऑर्व्हलच्या हातातून कप पडला. तोंड एका बाजूला ओघळलं. नडीनने गाडीची किल्ली उचलली, तर म्हणतो कसा, "खिडकीच्या वाऱ्यात झोपलो. मान धरलीय." डॉक्टरचं नाव काढू देईना. आठवड्याभरात तोंड सरळ झालं आणि तो जिंकल्यासारखा हिंडू लागला. हात मात्र सरळ झाला नाही. शर्टाची बटणं तो डाव्या हाताने दाबून लावायला लागला. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना, तर त्याने लोणचं आवडेनासं झालं म्हणून सांगितलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, भेटेल त्याच्या खांद्यावर थाप मारायला लागला. ज्या मुलखात हात मिळवला की व्यवहार पक्का, तिथे ऑर्व्हल टेस्डाल हात मिळवायचा बंद झाला. लोकांनी थाप खाल्ली आणि एकमेकांकडे बघितलं.

मे महिन्यात वेडनच्या रोडिओत मिसेस लुंड खोड्यातून अर्धी बाहेर आली तरी पट्टा सैलच होता. ऑर्व्हलला ते उशिरा कळलं, आणि हाताला जमेना म्हणून त्याने खांद्याने हिसका दिला. पट्टा आवळला. घोडी पलीकडच्या कुंपणापर्यंत सरळ पळत गेली आणि तिथे उभी राहिली. पंचांनी स्वाराला दुसरा घोडा दिला. धंद्यात याच्यापेक्षा मोठी नाचक्की नाही. जूनमध्ये कॉर्विनला पुन्हा तेच. बाकीचे घोडे दांडगट होते, पट्टा कसाही ओढला तरी चार उड्या मारायचे. मिसेस लुंड मानी. तिला माप म्हणजे माप लागायचं.

"कंटाळली ती," ऑर्व्हल कॉर्विनहून परतताना म्हणाला होता. "वय झालं की जनावर कंटाळतं."

नाचता येईना अंगण वाकडं, हे नडीनच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. कारण पट्टा काढून घेतला तर या माणसाजवळ काय उरेल, हे तिला माहीत नव्हतं. आणि नाही घेतला तर घोडी जाणार, हे पक्कं माहीत होतं.

जत्रेच्या दोन दिवस आधी ती एमेट रास्ककडे गेली. रिंगणात घोड्यावर बसून उसळत्या घोड्याच्या बाजूला घोडा घालायचा, स्वाराला कमरेत धरून उतरवून घ्यायचं आणि मग त्या घोड्याचा पट्टा सोडवायचा, हे एमेटचं काम. ऑर्व्हलबरोबर तो इतकी वर्षं होता की दोघांचे पाय सारखेच वाकडे झाले होते. लग्न केलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचा, उतरवून घ्यायची सवय आहे, चढवायची नाही.

"एमेटकाका, तुम्ही सांगा त्यांना."

"काय सांगू?"

"उगाच वेड पांघरू नका."

एमेट आपल्या घोड्याचा खूर मांडीवर घेऊन साफ करत होता. त्याने मान वर केली नाही. "पट्टे मीच सोडवतो ना, पोरी. वेडनला सोडवला तेव्हा घोडीच्या पोटावर वळ होता. चाळीस वर्षांत ऑर्व्हलच्या घोड्यावर वळ पाहिला नव्हता मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललीस?"

नडीनने जवळ पडलेला ब्रश उचलून त्याच्या हातात दिला.

"हे बघ," एमेट खूर खाली सोडत म्हणाला, "मी उभ्या जन्मात शेकड्यांनी माणसं घोड्यावरून उतरवली. ओरडणारी, रडणारी, शिव्या देणारी. पण तुझ्या बापाला तूच उतरव. माझ्यात ती धमक नाही."

"मांजराच्या गळ्यात घंटा मीच बांधायची म्हणजे."

"तू तर साधं शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाने पट्टा लावल्याशिवाय ट्रक हलवत नाहीस. मला एकदा गावाच्या वेशीपर्यंत जायचं होतं, तर आधी पट्टा लावा म्हणून अडून बसलीस! तूच बांधणार घंटा, दुसरं कोण?"

ती घरी गेली आणि संध्याकाळी जेवताना खरंच तोंड उघडलं. "बाबा, कोल्टरला मिसेस लुंडचा पट्टा मी ओढू का?"

ऑर्व्हलने सुरी खाली ठेवली. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो हसला. "मी मेलो की ओढ," म्हणाला, आणि बटाटे मागितले.

कोल्टरची जत्रा म्हणजे धूळ, तळणीचा वास, चर्चच्या बायकांचे रुबार्बचे आंबटगोड केक, आणि वर पांढरंफटक ऊन. दुपारी खोगिरावरच्या स्वारांची पाळी आली. मिसेस लुंड कोल्बी रीस नावाच्या एका लांबोडक्या पोराच्या वाट्याला आली होती. तिकडच्या चालीप्रमाणे तो खोगीर खांद्यावर टाकून, घोडीच्या तोंडाला बांधलेला दोर किती ढिला धरायचा ते मालकाला विचारायला आला.

"मिस्टर टेस्डाल, दोर किती देऊ हिला?"

"मूठ आणि वर अंगठा," ऑर्व्हल म्हणाला. "दारातून दोन लांब उड्या, मग डावीकडे वळते. वळली की देवाचं नाव घे."

पोरगं जाईना. टाचेने माती उकरत उभं राहिलं. "आणि पळाली तर?"

फळीवरची माणसं एकदम आपापल्या कामात गुंतली. कोणी गाठ तपासली, कोणी आभाळ. मालकाला त्याच्या घोडीबद्दल असं तोंडावर विचारणं म्हणजे कोणाच्या घरी जेवायला बसून अन्न ताजं आहे ना असं विचारणं. पूर्वीचा ऑर्व्हल असता तर पोराची टोपी खोड्यात गेली असती. आजचा ऑर्व्हल नुसता म्हणाला, "पळाली तर तुला दुसरं मिळेल, आणि मी हिचं शेवटचं तोंड बघेन."

नडीनने ते ऐकलं. तिची जागा दारापाशी, दोर ओढून दार उघडायची. ती तिथून निघाली, एका ओळखीच्या गड्याच्या हातात दोर दिला, आणि मागून फळीवर चढली.

मिसेस लुंड खोड्यात शांत उभी होती. चारही पाय पांढरे, तोंडावर पांढरा पट्टा, पंचकल्याणी. म्हातारपणाने डोळ्यांवर खळगे पडले होते. पट्टा पोटावर सैल टाकलेला होता आणि त्याचं शेपूट ऑर्व्हलच्या उजव्या मुठीत होतं. म्हणजे निदान त्याला तरी ते मुठीत आहे असं वाटत होतं.

"इथे काय करतेस?" ऑर्व्हलने घोडीवरची नजर न काढता विचारलं. "दाराशी जा."

"दाराशी माणूस आहे."

"नडीन."

"बघायला आले," ती म्हणाली. "शेवटचं तोंड."

तो फळीवर इंचभर बाजूला सरकला. खाली कोल्बी रीसने खोगिरात बूड जमवलं, दोर मुठीत घेतला, टोपी खाली ओढली. रिंगणाच्या मधोमध एमेट आपल्या घोड्यावर बसला होता. तो घोडीकडे बघत नव्हता, फळीकडे बघत होता.

पोराने मान हलवली. दार उघडलं.

मिसेस लुंडने मान बाहेर काढली, आणि नडीनने बापाच्या मुठीवर आपली मूठ ठेवली. नऊ वर्षांची असताना ठेवली होती तशीच. त्या वेळी तिच्या तळहाताखाली शिरा ताठ झाल्या होत्या. आज तिथे काहीच हललं नाही. बोटं नुसती वाकलेली होती, कापडाच्या हातमोज्यात वाळू भरावी तशी. घोडीचा खांदा दारातून वळला आणि नडीनने ओढलं. त्याच्या हातासकट. एकदाच, आणि तिथेच सोडलं. पट्ट्याचं शेपूट दोघांच्या मुठीतून सरकत गेलं.

मिसेस लुंड उसळली.

आता त्या उसळण्याचं काय सांगावं! पहिली उडी लांब, दुसरी त्याहून लांब, आणि मग डावीकडे असा वळसा की लोकांनी हातातले कप बाकावर सोडून दिले. मागचे पाय डोक्यापेक्षा उंच. कोल्बी रीस बिचारा मूठ आणि अंगठा जेवढं सांगितलं होतं तेवढंच धरून होता, आणि तरीही आठ सेकंद भरायच्या आत तो आभाळात होता आणि घोडी जमिनीवर. एमेटने तिच्या बाजूला घोडा घातला, वाकून पट्टा सोडवला, आणि तिच्या पोटावरून एकदा हात फिरवला. वळ नव्हता.

"अरे बघा, बघा ऑर्व्हल टेस्डालचा हात!" माइकवाला किंचाळत होता. "कोण म्हणत होतं म्हातारी थकली? कोण म्हणत होतं म्हातारा थकला?" लोक उभे राहून टाळ्या पिटत होते.

ऑर्व्हलने त्यातलं काहीही पाहिलं नाही. आपली घोडी कशी उसळली, हे आयुष्यात पहिल्यांदाच त्याने पाहिलं नाही. त्याची मान खाली होती. तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता, आणि त्या हातावर त्याच्या मुलीचा हात होता. तो तिथे आहे हे त्याला डोळ्यांनी बघितल्यावर कळलं.

"केव्हा ठेवलास?" त्याने विचारलं.

"दार उघडताना."

त्याने डाव्या हाताने तिचा हात उचलून बाजूला केला. रागाने नाही. मग उजवा हात डाव्या हातात धरून तो थोडा वेळ बघत राहिला, कोणाचा तरी चुकून आपल्याकडे आलाय अशा तऱ्हेने. नडीनला वाटलं, आता तो पडेल. तो पडला नाही. तो फळीवर दोन पावलं मागे सरकला.

पुढच्या खोड्यात दुसरा घोडा आला, एक दांडगा तपकिरी, पट्टा टाकलेला. स्वार वर चढला. फळीवरची माणसं वाट बघत राहिली. ऑर्व्हलने दोन्ही हात खिशात घातले होते.

"याचं माप आठवतंय?" त्याने विचारलं.

"हो."

"मग बघत काय बसलीस? पोरगं खोळंबलंय."

तिने तो ओढला, त्याच्यानंतरचा ओढला, आणि संध्याकाळपर्यंतचे सगळे ओढले. चारचौघांत टेस्डालांचा पट्टा बाईमाणसाच्या हातात गेला, पण खोड्यावरच्या एकाही माणसाने त्यावर अवाक्षर काढलं नाही. फक्त पाणी पिताना आधी बाटली तिच्याकडे द्यायला लागले. आतापर्यंत ती आधी ऑर्व्हलकडे जायची. ऑर्व्हल मागे कठड्याला टेकून उभा होता. एकदाच, एका वळूच्या वेळी, सवयीने त्याच्या तोंडून निघालं, "जास्त..." आणि त्याने वाक्य तिथेच सोडलं.

रोडिओ संपला. लोकांच्या गाड्या धूळ उडवत निघाल्या. एमेटने घोडे एकेक करून मोठ्या ट्रकमध्ये चढवले, मिसेस लुंडला सगळ्यांत शेवटी, दारापाशी, वारा लागेल अशा जागी. मग तो नडीनला म्हणाला, "वळूंचा ट्रक मी आणतो," आणि तिला काही विचारायची संधी न देता निघून गेला. भित्रा कुठला!

ऑर्व्हल ट्रकच्या पुढे उभा होता. हा ट्रक तो स्वतः चालवायचा. घोडे मागे असताना दुसऱ्या कोणाच्या हाती चाक द्यायचा नाही.

"कधीपासून माहीत होतं?" त्याने विचारलं.

"वेडनपासून."

"एमेटला?"

"तेव्हापासूनच."

"बाकीच्यांना?"

"तुम्ही हात मिळवायचे थांबलात तेव्हापासून."

ऑर्व्हलने ट्रकच्या फटीतून आत पाहिलं. एक पांढरं नाक फटीला लागलेलं होतं. "आणि हिला?"

"तिला सगळ्यांच्या आधी."

तो त्या नाकाला डाव्या हाताने थोपटत राहिला. नडीनला म्हणायचं होतं की डॉक्टर आहेत, व्यायाम असतात, हात सुधारतात, पुढच्या वर्षी बघू. तिने ते बोलायला तोंड उघडलंसुद्धा.

"वेडनला एक," ऑर्व्हल म्हणाला. "कॉर्विनला दुसरी. आज तिसरी."

"काय बोलताय? आज तर ती अशी उसळली की..."

"घोडीचं कोण बोलतंय?"

नडीनला कळायला थोडा वेळ लागला. तोवर तो ट्रकला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेला होता, चालकाच्या नाही, शेजारच्या. डाव्या हाताने दार उघडत होता.

"बाबा, कुठे चाललात?"

"ट्रकमध्ये," तो म्हणाला. "तीन झाल्या. नियम म्हणजे नियम."

तो पायरीवर पाय ठेवून वर चढला, आणि आत बसून समोर बघत राहिला. नडीनने दार धरून ठेवलं. तिला रडू आलं आणि हसू पण आलं, आणि दोन्ही एकदम आलेलं त्याने बघू नये म्हणून ती वाकून काहीतरी शोधल्यासारखं करू लागली.

"किल्ली पलीकडे, चालकाच्या सीटवर आहे," तो समोर बघतच म्हणाला. "आणि घरीच घेऊन जा. बाजाराच्या रस्त्याने नको."

"पट्टा लावा आधी."

त्याने उजवा हात खांद्यावरच्या पट्ट्याकडे नेला. बोटं पट्ट्याला लागली, पण पट्टा बोटांत आला नाही. दुसऱ्यांदा त्याने प्रयत्न केला नाही. नडीनने त्याच्या अंगावरून वाकून पट्टा ओढला, छातीवरून आडवा घेतला आणि खटका लावला.

"जास्त आवळू नकोस," ऑर्व्हल म्हणाला.

तिने तो बोटभर सैल केला, दार लावलं, आणि वळसा घालून चाकामागे जाऊन बसली. मागे मिसेस लुंडने फळीवर एक लाथ घातली, आणि ट्रक निघाला.